मंगळवार, चार ते सहा : आजारी घरापर्यंत पोचलेलं आत्म्याचं फळ

वसईच्या किनाऱ्यावरची एक कोळी ख्रिस्ती वाडी. घरात चार माणसं. सासू बहात्तर वर्षांची, मुलगा मासेमारी बोटीवर तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख, सून बंदरावरच्या लिलावात मासळी घेऊन बाजारात विकणारी, नातू दहावीला. ऑगस्टात बोटी पुन्हा समुद्रात गेल्या आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मरियामातेच्या जन्मोत्सवाची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, चालू असताना, सासूबाईंना लकवा मारला. उजवा हात-पाय गेला, बोलणं गेलं, गिळणं अर्धंमुर्धं राहिलं. अकरा दिवस इस्पितळात काढून त्या घरी आल्या तेव्हा मुलगा समुद्रात होता.

हे एकाच घराचं प्रकरण नाही. किनाऱ्यावरच्या धर्मग्रामांत (पॅरिशांत) अशा घरी जे पुन्हा पुन्हा घडतं, ते एका घरात आणून मांडलं आहे. म्हणून नावं नाहीत. सासूबाईंना मावशी आणि सुनेला वहिनी म्हणू, कारण वाडीतली माणसं त्यांना तशीच हाक मारतील.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात (५:२२-२३) आत्म्याचं फळ सांगितलं आहे : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. हे नऊ गुण आपल्याला तोंडपाठ असतात. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत, आपण ते समोर ठेवतो आणि यातलं आपल्यात काय कमी, काय पुरेसं, ते तपासतो. इथे प्रश्न दुसऱ्या टोकाकडून विचारला आहे. ते फळ ज्याच्या ताटात पडलं, त्याचं पोट भरलं का? आंब्याचं झाड आपला आंबा खात नाही. तो पिकला की नाही, हे खाणाराच सांगतो. वहिनींच्या घराला सतरा महिने पोसलं ते मुख्यतः यादीच्या शेवटच्या तिघांनी : विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन. प्रवचनांत या तिघांच्या वाट्याला फार वेळ येत नाही. पण त्या घरात प्रीती आली ती यांच्याच हातांनी.

पहिले दहा दिवस

मावशी घरी आल्यावर दहा दिवसांत साठेक माणसं येऊन गेली. सफरचंदं आली, बिस्किटांचे पुडे आले, शहाळी आली. एका शेजारणीने मायेने शहाळ्याचं पाणी पाजलं आणि मावशींना असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. लकव्यात गिळण्याचे स्नायू मंदावतात. पाणी, चहा, शहाळं यांसारखं पातळ पेय घशातून इतक्या झटकन उतरतं की श्वासनलिकेचं झाकण वेळेत मिटत नाही, आणि ते फुप्फुसात शिरून न्यूमोनिया होऊ शकतो. दाट पेज सावकाश सरकते, म्हणून तिचा धोका कमी. इस्पितळातून निघताना वहिनींना हे सांगितलं होतं. साठ माणसांना ते सांगायला त्या कुठे पुरणार?

फिलिप्पैकरांसाठी पौल प्रार्थना करतो ती त्यांची प्रीती ज्ञानात आणि विवेकात वाढत जावी अशी (१:९). शेजारणीच्या प्रीतीत काडीची खोट नव्हती, ज्ञान मात्र नव्हतं. आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो ‘यांना काय चालतं?’ हा. तोवर हातातलं फळ पिशवीतच राहू द्यावं.

शहाळ्याहून जास्त नुकसान शब्दांनी केलं. ‘देव आपल्या लाडक्यांनाच क्रूस देतो.’ ‘त्याची इच्छा, आपण काय करणार?’ ‘आमच्या आत्याचंही असंच झालं, ती वर्षभर जगली.’ हे सगळं मावशींच्या देखत, त्यांना जणू ऐकूच येत नाही अशा बेताने बोललं गेलं. त्यांना सगळं ऐकू येत होतं. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की उजवं अंग आणि वाचा जाते, समज बरीचशी शाबूत राहू शकते. एका पाहुण्याने तर विश्वास असेल तर रक्तदाबाच्या गोळ्यांची गरज नाही, असं वहिनींना सांगितलं. वहिनींनी दोन दिवस गोळ्या दिल्या नाहीत. नर्स असलेल्या सिस्टरांच्या (धर्मभगिनींच्या) लक्षात आलं म्हणून पुढचं टळलं. अशा गोळ्या अचानक बंद केल्या तर दुसरा झटका यायचा धोका वाढतो. विश्वास हा सद्गुण आहे, पण तो दुसऱ्याच्या औषधाच्या डब्यावर चालवायचा अधिकार कोणालाही मिळत नाही.

ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसले, एक शब्दही न बोलता (ईयोब २:१३). त्यांच्याकडून झालेलं तेच सर्वांत चांगलं काम. तोंड उघडून त्याच्या दुःखाचं कारण सांगू लागले तेव्हापासून त्यांचं बिघडलं. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचं असं विचारलं, तेव्हा ना याचं, ना याच्या आईबापांचं, असं सांगून येशूने तो हिशोबच बंद केला (योहान ९:३). इंद्रियदमन म्हटलं की आपल्याला उपवास आठवतो. आजारी घरात त्याची पहिली जागा जिभेवर आहे.

या दहा दिवसांत वहिनी रोज वीस-बावीस कप चहा करत होत्या.

मग कोणीच नाही

तिसऱ्या आठवड्यापासून येणं ओसरलं. प्रत्येक जण जाताना म्हणून गेला होता, ‘काही लागलं तर सांगा हं, वहिनी.’ हे वाक्य मनापासूनचं असतं, पण ते सगळं काम थकलेल्या माणसावर टाकतं. काय लागतंय ते तिने ठरवायचं, कोणाला सांगायचं ते निवडायचं, फोन करायचा, नकार आला तर तोही सोसायचा. वहिनींनी कोणालाच सांगितलं नाही. वाडीने मानलं की घर सावरलं असावं.

ऑक्टोबरात, जपमाळेच्या महिन्यात, घरोघर फिरणारी माळ त्यांच्याकडेही आली. एका खोलीत पंचवीस माणसं, लिटनी (आळवणीची प्रार्थना), दोन गीतं, मग चहा-खारी. मावशींची कूस बदलायची वेळ त्यात दीड तास पुढे गेली. ही एकच गोष्ट नव्हती, पण पाचव्या आठवड्यात माकडहाडावर लाल चट्टा दिसला. बोटाने दाबला तरी तो पांढरा पडत नव्हता. शय्याव्रणाची ही पहिली खूण. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबून राहिली की तिथलं रक्त थांबतं आणि कातडी आतून मरू लागते. हे टाळायचं तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. म्हणजे दिवसरात्रीत बारा वेळा. त्यांपैकी पाच रात्रीच्या, आणि वहिनी पहाटे लिलावाला जात.

पंचवीस माणसं प्रार्थना करत होती त्याच खोलीत ही जखम वाढत होती. प्रार्थना खोटी होती, असं यातून मुळीच निघत नाही. प्रार्थनेला हात फुटायला हवे होते, ते कोणी ठरवून लावले नव्हते, एवढंच. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही हेच घडलं होतं. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा मागे राहत होत्या. प्रेषितांनी त्यावर आणखी एक प्रवचन दिलं नाही. सात जण निवडून काम नेमून दिलं (प्रेषितांची कृत्ये ६).

तीन दिवसांचा कागद

नोव्हेंबरात वाडीच्या लघु ख्रिस्ती समूहाची, म्हणजे धर्मग्रामातल्या शेजारघरांच्या गटाची, बैठक झाली. समूहप्रमुख निवृत्त शिक्षिका. त्यांनी आधी मदतीची यादी केली नाही. वहिनींकडे तीन दिवस सिस्टरांना बसवलं आणि घराचा दिवस तासातासाने कागदावर उतरवून घेतला. कागदात दोन भोकं दिसली. पहाटे साडेपाच ते साडेनऊ, जेव्हा वहिनी बंदरावर आणि बाजारात असतात आणि घरी मावशींजवळ सोळा वर्षांचा नातू एकटा असतो. आणि दुपारी चार ते सहा, जेव्हा वहिनींना झोप मिळाली तर रात्र निभते.

मग गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय वाचला गेला. दुसऱ्या वचनात पौल म्हणतो, एकमेकांची ओझी वाहा. पाचव्या वचनात म्हणतो, प्रत्येकाने आपला भार वाहावा. मूळ ग्रीकमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत : पहिला दडपून टाकणाऱ्या वजनाचा, दुसरा ज्याने त्याने न्यायच्या गाठोड्याचा. या फरकावर बैठकीचा अर्धा तास गेला आणि तो कारणी लागला. पहाटेची सोबत, भरवणं, कूस बदलणं, चादरी धुणं ही ओझी होती, वाटून घेण्यासारखी. मावशींचं अंग पुसणं, लंगोट बदलणं हे मात्र वहिनींनी आणि सिस्टरांनीच करायचं ठरलं. आयुष्यभर पदर सांभाळलेल्या बाईला शेजारणींसमोर उघडं पाडणं ही मदत होत नाही. दोन महिन्यांनी मावशींनी स्वतः एका शेजारणीचा हात धरून ठेवला. तेव्हापासून तिला ती मुभा मिळाली.

आता मोजणी. दोन वेळा, सात दिवस, म्हणजे चौदा पाळ्या. शिकेपर्यंत जोडीने जायचं ठरल्यामुळे अठ्ठावीस माणूस-पाळ्या. हजर होते अकरा जण. येशूने बारा जणांना दोघादोघांनी पाठवलं (मार्क ६:७), आणि आजारी घरात याचं कारण अगदी साधं आहे : एकाने उचलायचं, दुसऱ्याने उशी सरकवायची. पण अकरा माणसांत अठ्ठावीस पाळ्या घेतल्या तर नाताळापर्यंत तिथे कोणीच उरलं नसतं. म्हणून दुपारच्या पाळ्या मंगळवार, गुरुवार, शनिवार एवढ्याच ठेवल्या. एकूण दहा. उरलेल्या चार दुपारी कोणी येणार नाही, हे वहिनींना स्पष्ट सांगितलं. वचन लहान ठेवलं म्हणून पाळता आलं. विश्वासूपणाचं मर्म इथे आहे. जो कधी येईल ते ठाऊक नाही, त्याच्या भरवशावर आजारी घरातलं माणूस डोळा मिटू शकत नाही. मंगळवारी चारला कोणीतरी येणारच, हे पक्कं असेल तर सोमवारची रात्रही हलकी होते. येणाऱ्याने दोन तास दिलेले असतात, घराला त्यातून आख्खा दिवस मिळतो.

नियम तीनच केले. येता येणार नसेल तर बदली आपणच शोधायची आणि आदल्या रात्री आठपर्यंत समूहप्रमुखांना कळवायचं; वहिनींना फोन करायचा नाही. चहा घ्यायचा नाही. आणि घरात जे दिसेल ते घरातच ठेवायचं. तिसरा नियम डिसेंबरात मोडला. मुलाने पाठवलेले पैसे कमी पडतात, हे बाजारात बोललं गेलं आणि वहिनींच्या कानावर आलं. बोलणारीने वाईट हेतूने सांगितलं नव्हतं, तिला मदत गोळा करायची होती. तरी समूहप्रमुख तिला घेऊन वहिनींकडे गेल्या, तिने माफी मागितली, आणि पुढचे दोन महिने ती बाहेरची कामं करत राहिली. तिला काढून टाकलं असतं तर घराला एक पाळी कमी पडली असती आणि तिच्या हाती फक्त तिची चूक उरली असती.

दाराशी एक शंभर पानी वही लटकवली. त्यात वेळ, कोणत्या कुशीवर, किती चमचे खाल्लं, ठसका लागला का, लघवी झाली का, गोळ्या, कातडीवर नवा डाग. कोणी किती माळा म्हटल्या ते लिहायचं नाही, असं मुद्दाम ठरलं. ती नोंद देवाकडे असते.

चमचा, खांदा, दहा सेकंद

सहनशीलता या घरात चमच्याने मोजता येत होती. मावशींना ताठ बसवायचं, पाठीला उशी, हनुवटी किंचित खाली. उकडून घोटलेली दाट पेज, लहान चमचा, तोही अर्धा भरलेला, आणि तोंडाच्या चांगल्या बाजूने, म्हणजे डावीकडून. कंठ वर जाऊन खाली आला की घास गिळला गेला. तो दिसल्याशिवाय दुसरा चमचा नाही. एक वाटी पेज भरवायला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. त्यानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. घाई करणाऱ्याला तिथल्या तिथे ठसक्याने उत्तर मिळतं. एका तरुणाने पहिल्या दिवशी वाटी बारा मिनिटांत संपवली आणि वहीत अभिमानाने लिहिली. सिस्टरांनी वही वाचली आणि पुढच्या पाळीला त्याच्या शेजारी बसून त्याला फक्त कंठ बघायला शिकवलं.

सौम्यता हाताच्या पकडीत असते. कूस बदलताना लुळा हात धरून ओढला तर खांद्याचा सांधा निखळू शकतो, आणि ही चूक फार जण करतात, कारण धरायला तोच हात समोर असतो. गुडघा दुमडायचा, एक हात खांद्याच्या मागे, एक कमरेवर, आणि लाटेवर होडी कलावी तसं सगळं अंग एकदम कलवायचं. पूर्ण कुशीवर नाही, तीस अंशांपर्यंत, पाठीमागे उशी देऊन. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये पातळ उशी. पोटऱ्यांखाली घडी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. आणि हात लावण्याआधी सांगायचं, ‘मावशी, आता डावीकडे वळवते हं.’ हे सांगणं राहिलं की माणसाचं सामान होतं.

बोलण्यातही एक माप होतं. एका वेळी एकच प्रश्न, होय-नाही असं उत्तर देता येईल असा, मग मनात दहापर्यंत मोजून थांबायचं. मावशींचा शब्द अडला तर तो आपण पुरा करायचा नाही. आवाज चढवायचा नाही. बहुतेकांना हे दहा सेकंद पेजेच्या चाळीस मिनिटांपेक्षा कठीण गेले.

जानेवारीत माकडहाडाची जखम भरली.

चांगुलपणाचं एक उदाहरण बिघडलेलं आहे आणि ते नोंदवायलाच हवं. बाजारात वहिनींच्या शेजारी बसणारी मावशींची भाची आठवड्यातून दोन दिवस त्यांची पाटी स्वतः विकू लागली, एक पैसा न घेता. विक्री कमी झाली तर आपल्या कनवटीचे पन्नास-शंभर त्यात घालून द्यायची. एकदा वहिनींनी हिशोब जुळवला आणि त्यांना ते कळलं. त्या दिवसापासून त्यांनी पाटी द्यायचंच बंद केलं. विकून देणं हा शेजारधर्म होता, त्यात त्यांची मान ताठ राहत होती. गुपचूप घातलेल्या पैशाने त्या नकळत याचक झाल्या. महिना गेला, मग ठरलं : जे विकलं जाईल तेवढंच, वाटे मोजून, चिठ्ठीवर लिहून. पैशाची खरी गरज होती ती धर्मग्रामातल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेने वहिनींशी उघड बोलून, औषधांच्या दुकानात खातं लावून भागवली.

वहिनींचं पोट

या सगळ्यात मावशींची काळजी घेतली जात होती. वहिनी मात्र चार महिने रविवारच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) गेल्या नव्हत्या आणि हे कोणी त्यांना विचारलं नव्हतं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी ख्रिस्तशरीर (मिस्सात पवित्र केलेली भाकर) घेऊन येणारे विशेष सेवक मावशींना लहानसा तुकडा चमच्यात भिजवून मऊ करून देत. वहिनी हात जोडून बाजूला उभ्या राहत. रविवार चुकवल्याने आपल्यावर पाप आहे, आणि बाजारातून आल्याआल्या चहा-चपाती खाल्लेली असते म्हणून उपवासही मोडलेला, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

फादरांनी एका शुक्रवारी स्वतः येऊन सांगितलं. गंभीर कारण असेल तर रविवारच्या मिस्साचं बंधन राहत नाही. धर्मशिक्षणग्रंथ (क्रमांक २१८१) आजारपण आणि तान्ह्या बाळाची काळजी ही उदाहरणं देतो, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूला एकटं सोडता न येणं हे त्याच जातीचं कारण आहे. ख्रिस्तशरीर घेण्याआधीचा एका तासाचा उपवास वृद्धांना आणि आजाऱ्यांना लागू नाही, तसाच त्यांची सेवा करणाऱ्यांनाही नाही (चर्च कायदा, कलम ९१९). वहिनींनी त्या दिवशी फादरांकडे पापकबुली देऊन प्रायश्चित्त घेतलं आणि ख्रिस्तशरीर स्वीकारलं. नंतर शनिवारच्या संध्याकाळच्या मिस्सासाठी एक पाळी वाढवली गेली. शनिवारी संध्याकाळी घेतलेल्या मिस्साने रविवारचं बंधन पूर्ण होतं, आणि रविवारी सकाळी मासळीला गिऱ्हाईक सर्वांत जास्त असतं.

आजाऱ्याच्या तैलाभ्यंगाला वहिनी आधी घाबरल्या. तेल लावलं की माणूस जातो, असं जुन्या पिढीचं त्यांनी ऐकलं होतं. याकोब (५:१४) आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं असं म्हणतो, मरणाऱ्याने असं म्हणत नाही. हा संस्कार आजार बळावला तर पुन्हाही देता येतो. फेब्रुवारीत, ११ तारखेला, लूर्डमातेच्या सणाला जगभर पाळल्या जाणाऱ्या आजाऱ्यांच्या दिवशी मावशींना तो घरीच दिला गेला.

मावशी काय देत होत्या

मावशींना ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं. पण कोणी जपमाळेला सुरुवात केली की त्या ‘नमो मरिया’ अख्खी म्हणत, शब्द न अडखळता. वाचा गेलेल्या पुष्कळ आजाऱ्यांत हे दिसतं. लहानपणापासून घोकलेली प्रार्थना, गाणं, आकडे मेंदूत वेगळ्या वाटेने साठलेले असतात आणि नवं वाक्य जुळवणारी वाट बंद झाली तरी ते निघू शकतात. हे मंगळवारच्या बाईंच्या ध्यानात आलं. त्या दर वेळी माळेपूर्वी एकच नाव सांगू लागल्या : आज समुद्रातल्या अमुक बोटीसाठी, आज तुमच्या नातवाच्या गणिताच्या पेपरासाठी. मावशी डाव्या हाताने मणी ओढत. त्या खोलीतला आनंद हा होता. ज्यांच्याकडून आता काही मिळणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं, त्याच मावशी वाडीला पोसत होत्या.

इथेही बिघडलं. बातमी पसरली आणि माणसं विनंत्या घेऊन येऊ लागली, चिठ्ठ्या उशीखाली ठेवू लागली. एका आठवड्यात मावशी थकून रडवेल्या झाल्या. मग पुन्हा एका पाळीला एकच नाव. आजाऱ्याच्या प्रार्थनेलाही दम लागतो.

उपवासकाळात पाळ्यांतली सर्वांत उत्साही बाई कोसळली. तिने हळूहळू स्वतःकडे पाच पाळ्या घेतल्या होत्या, घरी नवऱ्याशी भांडण, मिस्सा चुकलेली, आणि तिच्या बोलण्यात ‘मी नसते तर’ येऊ लागलं होतं. वेलीपासून सुटलेल्या फांदीला फळ येत नाही हे येशूने सांगितलं (योहान १५:४), पण सुटलेली फांदीही काही दिवस हिरवी दिसते, त्यामुळे कळत नाही. तेव्हापासून कोणालाही आठवड्यात दोनहून जास्त पाळ्या नाहीत. शोमरोनी माणसाने जखमीला उतारशाळेत आणलं, दुसऱ्या दिवशी दोन दीनार देऊन मालकाच्या हवाली केलं, आणि परत येईन म्हणून आपल्या वाटेला लागला (लूक १०:३५). तो तिथेच राहिला असता तर ते अधिक पवित्र ठरलं असतं, असं दाखल्यात कुठेही नाही.

पाऊस

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. मुलगा घरी आला आणि पहिला आठवडा ओट्यावर बसून राहिला. आळस नव्हता. आईला हात कसा लावायचा ते त्याला येत नव्हतं आणि खोलीत सतत बायका होत्या. समूहाने दुपारच्या पाळ्यांवर दोन खलाशी नेमले. जाळं ओढताना कंबर कशी वाचवायची हे या माणसांच्या अंगात मुरलेलं असतं, त्यामुळे कूस बदलणं मुलगा दोन दिवसांत शिकला, बायकांपेक्षा सफाईने. पुढचे दोन महिने रात्रीच्या सगळ्या वेळा त्याने घेतल्या.

गरज आता बदलली होती. किनाऱ्यावरच्या पावसात चादर दोन दिवस वाळत नाही. दिवसाला चार चादरी लागत, आणि दमट चादरीवर कातडी लवकर फुटते, पुरळ उठतं. पाळ्या कमी केल्या आणि चार घरांनी चादरी वाटून घेतल्या : धुवायच्या, पंख्याखाली वाळवायच्या, इस्त्री फिरवायची, संध्याकाळी सातला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ओट्यावर ठेवायच्या. दार वाजवायचं नाही. आत कोणी झोपलेलं असेल.

अंत्यविधीनंतर

दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत मावशी न्यूमोनियाने गेल्या. घर भरलं, अंत्यविधी झाला, सातव्या दिवसाची मिस्सा झाली. पाळ्यांची यादी अंत्यविधीच्या दिवशीच आपोआप बंद पडली, कारण ती आजाऱ्यासाठी होती. आपलं काम झालं, असं समूहाने प्रामाणिकपणे मानलं. सतरा महिन्यांतली ही सर्वांत मोठी चूक. त्याच आठवड्यात मुलगा बोटीवर परतला होता, नातू शिकवणीला, आणि पहाटे साडेपाचला येणारं, दुपारी चारला येणारं कोणीच उरलं नव्हतं. वहिनींनी त्या दिवसांत बाजारातही जाणं सोडलं.

महिन्याच्या मिस्सानंतर समूहाने त्यांना दुसऱ्या एका घरच्या पाळीत नाव घालाल का, असं विचारलं. हेतू होता त्यांना बाहेर काढण्याचा. वहिनी नाही म्हणाल्या आणि घरात गेल्या. विचारायला नको होतं. जे दिलं ते परत यावं अशी किंचितही अपेक्षा त्यात डोकावली, की आधीचे सतरा महिने उसने वाटू लागतात. समूहप्रमुखांना हे उमगलं, त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

अशा वेळी करायचं ते आता त्या धर्मग्रामात लिहून ठेवलं आहे : अंत्यविधीनंतर पाळ्या थांबवायच्या नाहीत. पहिला महिना आठवड्यातून तीन, दुसऱ्या महिन्यात दोन, मग वर्षश्राद्धाच्या मिस्सापर्यंत एक. काम काहीच नसतं. बसायचं, मासळी निवडत असतील तर निवडू लागायचं, मावशींचं नाव घ्यायला घाबरायचं नाही. वहिनींच्या वेळी हे लिहिलेलं नव्हतं. मंगळवारच्या बाई तरी येत राहिल्या. चार वाजता ओट्यावर चपला काढायच्या, आत यायच्या, जिथे पलंग होता तिथे आता ठेवलेल्या खुर्चीवर बसायच्या. सहाव्या मंगळवारी वहिनींनी त्यांच्यासाठी चहा टाकला. नियमाप्रमाणे त्या नाही म्हणणार होत्या. त्यांनी कप घेतला.